बरोबर ना, कॅप्टन?

तांपेरे, ५ मे

प्रिय सिर्कू,

नाताळ नसताना माझं अक्षर दारात पडलेलं बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगून टाकते. कुणी गेलेलं नाही. मी धडधाकट आहे, ऑस्मोही आहे. बातमी आनंदाची आहे, तेव्हा ते ओले बूट काढ, कॉफी ओतून घे आणि मग पुढे वाच. घेतलीस? मला राष्ट्रीय संघाची मुख्य प्रशिक्षक हो म्हणून बोलावलंय! फिनलंडच्या बायकांचा आइस हॉकीचा संघ, छातीवर सिंह असलेला, आणि त्याच्या बाकामागे उभी मी! काल सकाळी फोन आला तेव्हा मी अंगणात गालिचे झोडपत होते. एका हातात झोडपणं, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर संघटनेचे पाल्मुनेन. मी "काय?" म्हणून अशी किंचाळले की दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. पाल्मुनेन बिचारे घाबरून म्हणाले, "तुम्ही ठीक आहात ना?" मी म्हटलं, "मी ठीक आहे, गालिच्याचं काही सांगता येत नाही."

ऑस्मोला सांगितलं तर तो "हं" म्हणाला. पाच मिनिटांनी म्हणाला, "बरं झालं." आणि मग सकाळी अकरा वाजता खाली जाऊन वाफेच्या आंघोळीची सौना तापवायला लागला. आमच्या लग्नानंतर त्याने कुठल्याही गोष्टीवर इतका गाजावाजा केलेला मला आठवत नाही.

होकार मात्र मी अजून दिलेला नाही. हो, मीच, जिला विचारण्याआधीच हो म्हणायची खोड आहे. पाल्मुनेनकडून मी पुढच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंतचा वेळ मागून घेतलाय. ही नोकरी मला इतकी हवी आहे की काल रात्रीपासून मी स्वयंपाकघरातल्या मिठाच्या नि मिरीच्या बाटल्या टेबलावर मांडून बचावाच्या जोड्या लावतेय. पण तिच्या आड एक गोष्ट उभी आहे, आणि ती तुझ्याशी बोलल्याशिवाय हलणार नाही. सांगते. आधी थोडं इकडचं तिकडचं बोलू दे, नाहीतर माझं धैर्य व्हायचं नाही.

तुला माझं गेल्या सतरा वर्षांतलं काय माहीत आहे? तुझ्या नाताळच्या कार्डावर दोन ओळी असतात. "हॉल ठीक. गुडघा ठीक." माझ्या कार्डावर तीन. त्यात काय मावणार! खेळणं सोडलं तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते आणि मला वाटलं होतं, आता शांतपणे भाजी लावीन. चार महिन्यांत इथल्या क्लबाने चौदा वर्षांच्या मुलांचा संघ माझ्या गळ्यात घातला. मुलांचा, सिर्कू! एकेक टोणगा माझ्याहून हातभर उंच. पहिल्या दिवशी मी शिट्टी वाजवली तर कुणी ढुंकून बघितलं नाही. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "ही कोणाची आई आहे रे?" मी काठी घेतली, पाच चकत्या ओळीने मांडल्या आणि पाचही गोलाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात घातल्या. मग म्हटलं, "आता सांगा, कोणाची आई?" त्या वर्षी आम्ही जिल्ह्यात दुसरे आलो. एकाचे वडील मला गाठून म्हणाले, "बाई, माझा मुलगा सरावानंतर रडत घरी येतो." मी म्हटलं, "छान, म्हणजे ऐकत असतो." ते माझी तक्रार करायला गेले, आणि दोन वर्षांनी तेच माझ्यासाठी वेलचीचे बन घेऊन आले, कारण मुलगा पहिल्या संघात निवडला गेला होता.

मग मुलींचे संघ, मग कॅनडात दोन वर्षं एका विद्यापीठात मदतनीस. तिथे एकदा बसमध्ये मी मुलींना आपल्याकडच्या सोनेरी हेल्मेटाची गोष्ट सांगितली. संघात जिचे गुण सगळ्यात जास्त, मग ते गोल मारून मिळालेले असोत की गोलासाठी पास देऊन, तिनं पुढच्या सामन्यात सोनेरी हेल्मेट घालून उतरायचं. सगळ्या माना वळवून बघायला लागल्या. एक म्हणाली, "म्हणजे समोरच्यांना तुम्ही आधीच सांगता, की हिला पहिली आडवी करा?" मी म्हटलं, "बाई गं, आमच्या देशात स्वतःबद्दल चांगलं बोलायची पद्धत नाही, म्हणून ते काम आम्ही हेल्मेटावर सोपवलंय." त्या खूप हसल्या. मीही हसले, आणि मग उरलेला रस्ता खिडकीबाहेर बघत बसले.

कारण मला पाव्होने रंगवलेलं ते आपलं हेल्मेट आठवलं. आपल्या हाउकिनिएमीच्या क्लबाला मोठ्या संघांसारखं खरं सोनेरी हेल्मेट कुठून परवडायला! मॅनेजर पाव्होने एक जुनं पांढरं हेल्मेट घेतलं आणि रेडिएटरला लावायच्या रंगाने सोनेरी केलं. घाम आला की रंग उतरायचा आणि कपाळावर दोन-तीन दिवस पट्टा राहायचा. तू सोमवारी प्लायवुडच्या कारखान्यात गेलीस तेव्हा फोरमनने विचारलं होतं, "राणीसाहेब, मुकुट घरी विसरलात का?" त्या हिवाळ्यात ते हेल्मेट तुझ्या-माझ्या डोक्यांवरच फिरत होतं. एक आठवडा तू, एक आठवडा मी. चोवीस वर्षांच्या होतो आपण, आणि दोघींनाही जागतिक स्पर्धेच्या संघात जायचं होतं. एकत्रच जाऊ असं धरूनच चाललो होतो, कशाच्या बळावर ते देवाला ठाऊक.

शेवटून दुसरा सामना आठव. दोघींचे गुण सारखे. आपल्या बचावातल्या मार्केट्टाने लांबून मारलेला तो गोल. चकती कोपऱ्यातून काढून तिला तू दिली होतीस, दोन दांडग्या मुलींना अंगावर घेऊन, आणि मी तिथून दहा हात लांब उताणी पडून छताचे दिवे मोजत होते. लाऊडस्पीकरवरून घोषणा झाली, "पास, क्रमांक पंधरा." पंधरा मी, सोळा तू. त्या एका गुणाने पुढच्या सामन्यात हेल्मेट माझ्या डोक्यावर आलं. त्याच सामन्याला राष्ट्रीय संघाचे निवड करणारे गृहस्थ हातात सॉसेज घेऊन चौथ्या रांगेत बसले होते. त्यांच्याकडे एकच जागा उरली होती आणि आपल्यातली कोण कोणती हे त्यांना धड माहीतही नव्हतं. पाव्होला ते म्हणाले, "ती सोनेरीवाली घेतो." पुढचं सगळं त्या एका वाक्यातून निघालं. माझे देशासाठी एकशे एक्कावन्न सामने, दोन कांस्यपदकं. तू म्हणालीस, "मी पुढच्या वर्षी येते." आणि ऑक्टोबरात तुझा गुडघा गेला.

आता मार्चमधलं ऐक, कारण ते ऐकून तूसुद्धा हसशील. गेली तीन वर्षं मी राष्ट्रीय संघाची मदतनीस आहे. मार्चमध्ये निवडीचं शिबिर होतं, चाळीस मुली. मी वर गॅलरीत वही घेऊन बसले होते. एक सतरा वर्षांची पोरगी, लुमी तिचं नाव, पास यायच्या आधी दर वेळी मान वळवून खांद्यावरून मागे बघायची. दर वेळी! चकती तिच्याकडे येईस्तोवर मागून कोण येतंय ते तिला कळलेलं असायचं, त्यामुळे तिला कुणी धरूच शकत नव्हतं. हे शिकवायला माझ्या तोंडाला फेस येतो आणि ही पोर श्वास घेतल्यासारखं करतेय. तेवढ्यात ती दुसऱ्या एका मुलीला ओरडली, "खड्डा!" आणि ती दुसरी, मिनेआ, एका क्षणात वळली आणि मागून धावून आलेली बचावपटू सरळ फळीवर आपटली. पुढच्या सत्रात तिसरी ओरडली, पेप्पी. "खड्डा!" माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली.

दुपारी जेवणाच्या रांगेत, गुरुवार असल्यामुळे वाटाण्याचं सूप होतं, मी लुमीच्या मागे उभी राहिले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, हे काय ओरडता तुम्ही? ती म्हणाली, "मागून कोणी येत असेल तर म्हणायचं. सिर्कूने शिकवलंय. ती म्हणते, मागे न बघता पास घेतलात तर पाण्यात जाल." मी म्हटलं, "कोण सिर्कू?" ती म्हणाली, "आमच्या हॉलमधली. बर्फ सारखं करायचं यंत्र चालवते आणि शनिवारी आम्हाला शिकवते. तिच्याशी वाद घातला की ती हॉलचे दिवे बंद करते." मिनेआ मागून म्हणाली, "एकदा पंधरा मिनिटं बंद ठेवले होते. आम्ही अंधारातच माफी मागितली."

मी सूप तसंच टाकून बाहेर गेले आणि गाडीत बसून हसले आणि रडले. तुला तळ्यावरचे ते खड्डे अजून आठवतात! मासे धरायला म्हाताऱ्यांनी बर्फात पाडलेले, वर पातळ पापुद्रा धरलेले. आठ वर्षांची मी उलटी धावत पास घ्यायला गेले आणि एक पाय गुडघ्यापर्यंत आत. तू पोटावर आडवी पडून मला काठीने ओढून काढलंस, आणि तो म्हातारा तुलाच ओरडला, मासे पळवले म्हणून. तेव्हापासून तू दर पासाच्या आधी मागे बघायचीस. मला वाटायचं ही भित्री आहे. आणि तू तीस वर्षं ते पोरींच्या मानेत भरवत बसलीस, कुणाला काही न सांगता. संघात तेवीस मुली निवडल्या, सिर्कू. त्यातल्या तीन जणी सहा हजार वस्तीच्या हाउकिनिएमीच्या आहेत. देशातल्या नावाजलेल्या प्रशिक्षकांपैकी एकाच्याही हातून तीन आलेल्या नाहीत.

त्या दिवशी मी गाडीत बसून तुझा नंबर काढला होता. लावला नाही. आता तो का लावला नाही ते सांगायलाच हवं, आणि इथे माझं हस्ताक्षर वाकडं झालं तर समजून घे.

तुला वाटतं की ती चूक घोषणा करणाऱ्याची होती आणि रेफरीने ती सुधारायला नकार दिला. तसं नव्हतं. पासाचा नंबर चुकला तर रेफरीला सांगायचं काम कॅप्टनचं, बाकी कुणी तोंड घालायचं नाही. कॅप्टन मी होते. मी त्याच्याकडे गेले, ते तू बाकावरून बघितलंस आणि निश्चिंत झालीस. मी सांगायलाच निघाले होते. तुझ्यापासून रेफरीपर्यंत वीसेक हात अंतर असेल, तेवढ्यात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मला आजही नीट मांडता येत नाही. त्याने तोंडातली शिट्टी काढली आणि विचारलं, "पास पंधराचा. बरोबर ना, कॅप्टन?" मी म्हटलं, "बरोबर." एवढंच. परत आले तर तू विचारलंस, "बदलत नाहीत का?" आणि मी तुझ्या तोंडाकडे बघून म्हटलं, "नाही म्हणतोय." पहिलं खोटं घाबरून बोलले असं म्हणता येईल. दुसरं मी विचार करून बोलले. तू माझ्या हेल्मेटावर चापट मारलीस आणि म्हणालीस, "जाऊ दे गं, घरातच राहिलं."

नंतर सांगायच्या संधी काय कमी आल्या? तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी आले होते, जर्दाळूंचा डबा घेऊन. बोलले नाही. तू विचारणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण स्वतःचा गुण मागायला जाणं तुला नागडं फिरण्याइतकं लाजिरवाणं वाटतं. आपल्या गावाने आपल्याला हेच शिकवलं आणि मी त्याचा फायदा घेतला. आणि मग सहा वर्षांपूर्वी तुझ्या कार्डावर पहिल्यांदाच तीन ओळी आल्या. "हॉल ठीक. गुडघा ठीक. तो रेफरी वारला, मी त्याला मनातून माफ केलं." ते कार्ड वाचून मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. ऑस्मोच्या लक्षात आलं नाही, तो मुळात बोलतच नाही. त्या माणसाने काहीच केलं नव्हतं, सिर्कू. त्याने फक्त मला विचारलं होतं. मला लाज वाटते. एकोणतीस वर्षं वाटतेय.

काल दुपारी मी पाल्मुनेनना परत फोन केला आणि सगळं सांगितलं. मी मुख्य झाले तर माझी मदतनीसाची जागा रिकामी होते. ती तुला द्या म्हटलं. ते म्हणाले, "कोण सिर्कू?" मी लुमी, मिनेआ आणि पेप्पीची नावं घेतली. मग तो गोल, ते हेल्मेट, ते "बरोबर", सगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या तुमच्या शेजारी उभ्या राहतील का?" मी म्हटलं, "ते मला माहीत नाही." आता तू गाडाभर कारणं काढशील. हॉल कोण बघणार, तर वर्षातून सहा-सात आठवड्यांचं काम आहे आणि तुझ्या यंत्रावर बसायला गावातले निम्मे पुरुष टपून आहेत. गुडघा, तर बाकामागे गुडघा लागत नाही, आवाज लागतो, आणि स्वतःसाठी तोंड न उघडणारी तू पोरींवर कशी ओरडतेस ते मी त्यांच्याकडून ऐकलंय. मी भरपाई म्हणून बोलावतेय असंही वाटेल तुला. तर सांगते, गेलेलं भरून देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तुला बोलावतेय ते त्या तीन पोरींमुळे.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. तुझी जागा पक्की आहे. मी असो की नसो, मुख्य प्रशिक्षक कुणीही होवो, मदतनीस तूच, हे मी पाल्मुनेनकडून कबूल करून घेतलंय. पाल्मुनेन सोमवारी तुला फोन करतील. अडलंय ते माझं. हे सगळं वाचल्यावर तुला माझ्या शेजारी उभं राहायचं नसेल तर मी शुक्रवारी नकार कळवीन, मदतनीसाची जागा तर सोडणारच आहे, आणि मुख्य पद दुसऱ्या कुणाला जाईल. मला ते किती हवंय हे तुला एव्हाना कळलंच आहे, तरीही कळवीन, आणि तुझ्यावर रागावणार नाही. एका परक्या माणसाने माझ्या डोक्याचा रंग बघून मला निवडलं. या वेळी जिला मी खरी कशी आहे ते माहीत आहे तिनं निवडावं, घ्यायची की वगळायची. शिव्या दे, ओरड, पोटभर भांड, मी फोन कानाला लावून सगळं ऐकेन. फक्त ते "जाऊ दे गं" म्हणू नकोस, आणि गप्प बसू नकोस. शुक्रवारी बाराच्या आत फोन कर.

तुझीच,
हेल्या